स्टॉकहोम : आधी महिना ठरवा, मग ठिकाणे

युरोपच्या सहलीचा विचार सुरू झाला की लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड ही नावे आधी येतात. उत्तरेकडे वळलेच, तर स्वीडनच्या राजधानीच्या वाट्याला धावता एक दिवस येतो. राजवाडा, नगरभवन, एक संग्रहालय, की लगेच पुढचे गाव! चौदा बेटांवर वसलेल्या या शहराला एवढ्यावर निरोप देणे म्हणजे पैसे खर्चून हात हलवत परतणे होय. किमान तीन पूर्ण दिवस हाताशी असावेत, आणि ठिकाणांची यादी करण्याआधी महिना ठरवावा.

याचे कारण प्रकाश. स्टॉकहोम साधारण ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास तेथे सूर्य पहाटे साडेतीनला उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. डिसेंबरच्या त्याच तारखेला तो पावणेनऊला उगवून दुपारी तीनच्या आत अस्ताला जातो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाण्याचा मोह अनेकांना होतो. पण नोव्हेंबरच्या मध्यावर तेथे दुपारी साडेतीनच्या आसपासच अंधारू लागते, आणि बर्फाची शोभाही बहुधा नसते. उलट आपली मे महिन्याची सुट्टी या शहराला नेमकी मानवते. झाडांना नवी पालवी असते, उजेड रात्री नऊपर्यंत पुरतो. हवा मात्र गार असते, तेव्हा स्वेटर व वारा अडवणारे जाकीट हवेच.

जूनमध्ये जाणाऱ्यांनी एक तारीख जपावी. १९ ते २५ जूनदरम्यान येणाऱ्या शुक्रवारी ‘मिडसमर’ची पूर्वसंध्या असते आणि हा स्वीडिश लोकांचा जिव्हाळ्याचा सण आहे. शहरवासी गावाकडे वा बेटांवर निघून जातात, बरीच दुकाने व उपाहारगृहे बंद राहतात. त्या दिवशी शहरात असालच, तर आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये उभारलेले ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय गाठावे. तेथे सण पारंपरिक नाचगाण्यांसह साजरा होतो.

स्कान्सेनच्याच बेटावर, यूरगोर्डनवर, ‘वासा’ संग्रहालय आहे. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने बांधवून घेतलेली ही ६४ तोफांची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाली आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बंदरातच बुडाली. वरचा भाग जड, तळाचा भार अपुरा. वाऱ्याच्या झोताने नौका कलली आणि उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरले. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा समुद्री किडा तेथे जगत नाही. त्यामुळे ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ती जवळजवळ अखंड वर काढता आली. शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षे आधीचे हे जहाज कोरीव सिंहांसह समोर उभे पाहताना माणूस क्षणभर गप्प होतो. एका राज्याचे अपयश इतक्या जिव्हाळ्याने जपलेले क्वचितच पाहायला मिळते.

नगरभवन आतून पाहायचे तर मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते. नोबेल पारितोषिकाची मेजवानी होते ते ‘निळे दालन’ प्रत्यक्षात लाल विटांचे आहे. वास्तुविशारद राग्नार ओस्तबेरी यांना विटा इतक्या आवडल्या की निळा गिलावा राहूनच गेला. नाव तेवढे टिकले. १९१३ चे पारितोषिक मिळालेले रवींद्रनाथ टागोर सोहळ्याला जाऊ शकले नव्हते. त्यांनी आपले नोबेल व्याख्यान १९२१ मध्ये स्टॉकहोमला येऊन दिले.

जुने शहर, गामला स्टान, पायीच फिरावे. भुयारी रेल्वेची स्थानके हेही एक कलादालनच आहे; शंभरांपैकी नव्वदांहून अधिक स्थानकांत चित्रे व शिल्पे आहेत. शहर वाहतुकीच्याच तिकिटावर यूरगोर्डनला जाणारी फेरीबोटही चालते. पाण्यावरून शहर पाहण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग! सोमवारी मात्र अनेक संग्रहालये बंद असतात, हे दिवस ठरवताना ध्यानात ठेवावे.

व्हिसा शेंगेनचा लागतो. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो. वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. चलन मात्र युरो नव्हे, क्रोना. रोख रक्कम अनेक ठिकाणी घेतच नाहीत, म्हणून दोन कार्डे परदेशी व्यवहारांसाठी आधीच सुरू करून घ्यावीत. शहर महाग आहे. उपाहारगृहांत कामाच्या दिवशी दुपारी ‘आजचे जेवण’ ठरावीक दरात मिळते, तेव्हा मुख्य जेवण दुपारीच उरकावे. नळाचे पाणी उत्तम असते; बाटलीवर पैसे घालवू नयेत.

संध्याकाळी सोदरमाल्म बेटावरच्या मोन्तेलिउसवेगेन या पायवाटेवर जावे. तेथे तिकीट नाही. खाली मेलारेन सरोवराचे पाणी, पलीकडे नगरभवनाचा मनोरा, आणि मे महिन्यात रात्रीचे नऊ वाजले तरी उन्हाची तिरीप विटांवर रेंगाळत असते.