सोळा जणींची एक आकृती

शाळेच्या मैदानावर लेझीम खेळणाऱ्या मुलांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. रांगेतील एका मुलाचा ठेका चुकला, तर पाहणाऱ्याची दृष्टी इतर सर्वांना सोडून नेमकी त्याच्यावर खिळते. बर्फावरील समूह-स्केटिंग हा खेळ याच तत्त्वावर उभा आहे. येथे मात्र पायाखाली माती नसून गुळगुळीत बर्फ असतो, आणि शरीराचा सारा तोल बुटाला जडवलेल्या सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पात्यावर सांभाळावा लागतो.

या खेळाचा उगम अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. 1956 मध्ये ॲन आर्बर येथे डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी ‘हॉकेट्स’ नावाचा संघ उभा केला. विद्यापीठाच्या हॉकी सामन्यांच्या मध्यंतरात प्रेक्षकांचे मनोरंजन करावे, एवढाच त्याचा हेतू होता. कवायतीशी असलेल्या साम्यामुळे या प्रकाराला प्रारंभी ‘प्रिसिजन स्केटिंग’, म्हणजे अचूकतेचे स्केटिंग, असे म्हणत. ‘सिंक्रोनाइज्ड’ हे नाव मागाहून रूढ झाले. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2000 साली मिनियापोलिस येथे भरली आणि ती स्वीडनच्या ‘टीम सरप्राइज’ या संघाने जिंकली.

वरिष्ठ गटाच्या संघात 16 खेळाडू असतात. स्त्री-पुरुष एकत्र खेळू शकतात. प्रत्यक्षात बहुतेक खेळाडू मुलीच असतात. संगीताच्या साथीने त्या रांग, चौकोन, वर्तुळ, चक्र अशा आकृती रचतात आणि वेग न मोडता एका आकृतीतून दुसरीत जातात. यांपैकी चक्राचेच उदाहरण घेऊ. हातात हात गुंफलेल्या खेळाडूंची ओळ म्हणजे चाकाचा एक आरा. मध्यापासून एक मीटरवर असलेली खेळाडू एका फेऱ्यात सहा मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. त्याच आऱ्यात पाच मीटरांवर असलेलीला तेवढ्याच वेळात एकतीस मीटरांहून अधिक जावे लागते. आतली जवळजवळ जागीच फिरते, बाहेरची धावते, आणि तरीही आरा सरळ दिसला पाहिजे.

याहून कठीण प्रकार म्हणजे छेदन. दोन रांगा समोरासमोर वेगाने येतात, ऐन वेळी हात सुटतात आणि प्रत्येक खेळाडू समोरच्या दोघींमधील फटीतून पार होते. पुष्कळदा ती त्याच क्षणी स्वतःभोवती गिरकी घेते, म्हणजे समोर पाहण्याचीही सोय उरत नाही. मोजलेल्या ठेक्यावर आणि सोबतिणींवर विसंबूनच तिला जावे लागते. एखादी पडली, तर गुण साऱ्या संघाचे कापले जातात.

एकेरी स्केटिंगमध्ये उंच उडीचे कौतुक होते. येथे मात्र जिचा पाय इतरांपेक्षा वीतभर वर जातो, तिला तो खाली आणावा लागतो. आपले कौशल्य असे आवरून धरणे अनेक गुणी खेळाडूंना जाचक वाटते, आणि ते जाचक आहेच. राखीव खेळाडूंची परीक्षा तर आणखी कठोर. संघाबरोबर चौघींपर्यंत राखीव खेळाडू ठेवता येतात. बोलावणे आले, तर दुसरीची जागा, तिची पावले आणि तिच्या शेजारणींच्या हातांची पकड त्यांना ठाऊक असावी लागते.

एकेरी, जोडी आणि बर्फनृत्य या प्रकारांना हिवाळी ऑलिंपिकमध्ये केव्हाच स्थान मिळाले. समूह-स्केटिंगला ते 2026 च्या मिलान-कोर्तिना येथील स्पर्धेतही लाभले नाही. अडचण संख्येची आहे. खेळाडूंच्या एकूण संख्येवर मर्यादा असलेल्या त्या स्पर्धेत दहा संघ घ्यायचे म्हटले, तरी 160 जणांची भर पडते. ज्या संख्येमुळे या खेळाला रूप आले, तीच त्याच्या वाटेत उभी राहते. परिणामी हेलसिंकीच्या ‘मॅरिगोल्ड आइस युनिटी’सारख्या जगज्जेत्या संघातील मुलीही ऑलिंपिकच्या बर्फावर पाऊल न टाकताच निवृत्त होत आल्या आहेत.