पावसाळ्यात जंगल कोणासाठी बंद?

माझा भाचा नैरोबीत नोकरीला आहे. गेल्या एप्रिलमध्ये तो मसाई माराला गेला आणि तिथून त्यानं मला एक फोटो पाठवला. फोटोत सिंह नव्हता, हत्तीही नव्हता. चाकं अर्धी बुडेपर्यंत चिखलात रुतलेली जीप होती आणि तिच्याकडे कमरेवर हात ठेवून बघणारा ड्रायव्हर. खाली भाच्यानं लिहिलं होतं : ‘मामा, हा ड्रायव्हर या चिखलाला ब्लॅक कॉटन म्हणतो. आपली कपाशीची जमीन इथं कशी आली?’

माझं पांढरकवड्यात कृषी सेवा केंद्र आहे. शिक्षण बी. कॉम. वनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मी कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. पण टिपेश्वर अभयारण्य हाकेच्या अंतरावर असल्यामुळं गेली पंधरा-सोळा वर्षं मिळेल ते वाचतो आणि दुकानात येणारे शेतकरी सांगतात ते एका वहीत टिपून ठेवतो. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक जुना प्रश्न नव्यानं समोर आला : आफ्रिकेत भर पावसात सफारी चालते, मग आपल्याकडे जंगल बंद का? आणि ते नेमकं कोणासाठी बंद असतं?

आधी मातीचं. पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी चिकण माती जगात बऱ्याच ठिकाणी आहे. आपल्या दख्खनच्या कापूसपट्ट्यावरून इंग्रजीत तिचं नाव ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ पडलं आणि पूर्व आफ्रिकेतही तेच रूढ झालं. ‘सफारी’ हा शब्दही आपल्याला परका नाही. अरबी ‘सफर’ स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला आणि तोच फारसीमार्गे आपल्याकडे ‘सफर’ म्हणून आला. स्वाहिलीत सफारी म्हणजे कुठलाही प्रवास. मावशीकडे जाणं हीसुद्धा सफारीच. प्राणी बघायला जाणं हा अर्थ गोऱ्या शिकाऱ्यांनी आणि पर्यटकांनी चिकटवला.

विषुववृत्ताजवळच्या केनिया-टांझानियात पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरला छोटा. तिथं पावसामागून चालणारा प्राणी म्हणजे विल्डबीस्ट. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत दोन लाखांहून अधिक झेब्रे सेरेंगेटी आणि मारा यांच्यामध्ये वर्षभर फिरत राहतात. पावसाच्या दिवसांत ते सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या मैदानात असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची. तिच्यातल्या गवतात दुभत्या माद्यांना लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून फेब्रुवारीच्या आसपास बहुतेक पिलं तिथंच दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. मैदान सुकलं की कळप उत्तरेकडे सरकतात आणि जुलै-ऑगस्टनंतर माऱ्यात दिसू लागतात. एप्रिलमध्ये माऱ्यात गेलेल्या भाच्याला ते मोठे कळप दिसले नाहीत, याचं कारण एवढंच. पण तिथलं मैदान उघडं, त्यामुळं पावसातही नजर लांब पोचते. गर्दी कमी, दर उतरलेले. काही मुक्कामाच्या जागा एप्रिल-मेमध्ये बंद असतात, तरी सफारी थांबत नाही.

आता टिपेश्वरकडे येऊ. १९९७ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य अवघं १४८.६३ चौरस किलोमीटरचं. मुख्य झाड साग. मे महिन्यात साग निष्पर्ण असतो, नाले कोरडे पडलेले असतात आणि प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर येतात. सुन्ना गेटमधून आत गेलेल्या पर्यटकाला त्या दिवसांत वाघ दिसतो, त्यात वाघापेक्षा तहानेचा वाटा मोठा. मृग बरसला की चित्र पालटतं. सागाला पानं फुटतात, गवत आणि घाणेरी माजते, दहा हातांवरचं दिसेनासं होतं. पाणी जागोजाग झाल्यावर पाणवठ्यावर कोण येणार? प्राणी पांगतात.

साधारण जुलै ते सप्टेंबर जंगल पर्यटनासाठी बंद असतं. याचं कारण विचारलं तर बरेच जण सांगतात की तो वाघाच्या विणीचा काळ असतो. हे खरं नाही. वाघीण वर्षात कधीही विते; गर्भकाळ साधारण साडेतीन महिन्यांचा. खरं कारण पुन्हा मातीपाशी येतं. ओल्या काळ्या मातीत गाडी रुतते, तिच्या चाकोरीतून पाणी धावतं आणि दोन पावसांत चाकोरीचा ओहळ होतो. शिवाय बेडूक, गोगलगायी, मृगाचे मखमली किडे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी यांचा सगळा संसार याच दिवसांत पायाखाली मांडलेला असतो. हा विचार आपल्याकडे नवा नाही. पावसात फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायाखाली कोवळी रोपं आणि बारीक जीव चिरडतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून बुद्धानं वर्षावासाचा नियम घातल्याचं विनयपिटकात सांगितलं आहे. जैन मुनी आजही चातुर्मासात एका जागी थांबतात. त्यामुळं गेट बंद होतं हे मला योग्यच वाटतं.

पण वाघाला चातुर्मास नसतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरमधल्या एका तरुण नराच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली. जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, तो स्वतःचा मुलूख शोधायला बाहेर पडला. रात्री चालायचा आणि दिवसा झुडपात पडून राहायचा. रानडुक्कर किंवा गाय-बैल मारून खायचा. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा १३०० किलोमीटरहून अधिक चालला होता. पुढं हा आकडा सुमारे ३००० किलोमीटरवर गेला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. स्वाहिली अर्थानं खरी सफारी त्या वर्षी त्यानं केली, आणि तीही गेट बंद असताना. एवढ्या वाटचालीत माणसाशी त्याची झटापट झाल्याची नोंद एकाच प्रसंगाची आहे : पावलांच्या ठशांमागे काही जण तो झोपला होता त्या झुडपात शिरले आणि जखमी झाले.

याच्या आदल्याच पावसाळ्याची आठवण मात्र वेगळी आहे. राळेगाव आणि पांढरकवडा भागात दोनेक वर्षांत झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूंशी ‘अवनी’ वाघिणीचं नाव जोडलं गेलं. त्यातले तीन मृत्यू एकट्या ऑगस्ट २०१८ मधले. सप्टेंबरात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, शोध कित्येक आठवडे चालला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घालण्यात आली. मागं दोन बछडे राहिले. तेव्हा देशभर वाद पेटला आणि दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. त्या वर्षीची माझी वही मी अधूनमधून उघडतो. तिच्यात वाद नाहीत, माझ्या गिऱ्हाइकांची वाक्यं आहेत. ‘डवरणीला गडी येत नाही.’ ‘गायकी म्हणतो, पगार वाढवा नाहीतर गुरं तुम्ही राखा.’ ‘बायका निंदणाला पाच वाजेपर्यंत थांबत नाहीत.’ एका पानावर फक्त ‘जागल बंद’ एवढंच आहे. रानडुकरं आणि रोही पीक खातात म्हणून रात्री शेत राखावं लागतं, ती ही जागल.

या नोंदी नीट लावल्यावर मला एक साखळी दिसू लागली. पावसानं जंगलात आडोसा वाढतो, तसाच तो शेतातही वाढतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशी छातीला लागते, तूर त्याहून वर जाते. कोवळ्या पिकासाठी डुक्कर आणि रोही जंगल सोडून धुऱ्यावर येतात आणि त्यांच्यामागून वाघ येतो. नेमका तोच काळ माणसानं शेतात वाकून राहण्याचा, गुरं हिरव्या चाऱ्याला काढण्याचा. म्हणजे जंगल पर्यटकांना बंद होतं त्याच दिवसांत वाघ आणि माणूस एकमेकांच्या सर्वांत जवळ असतात, आणि एकमेकांना सर्वांत कमी दिसतात.

त्याच तीन महिन्यांत ज्यांना पाऊलखुणा वाचता येतात, चितळाची धोक्याची हाक ओळखता येते, ते गाइड आणि जिप्सीचालक रिकामे असतात. कुणी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातं, कुणी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ढाब्याला लागतं. गेट बंद ठेवा, पण त्या माणसांना या काळात गावांच्या शिवारात फिरायला नेमा, एवढंच माझं म्हणणं आहे. सकाळी पांदणीवर ताजा ठसा दिसला तर निंदणाला निघालेल्या बायकांपर्यंत ती बातमी आठच्या आत पोचली पाहिजे. सध्या हे काम फोनाफोनीवर चालतं, आणि थोडंफार माझ्या दुकानाच्या काउंटरवर. कुणी ठसा पाहिल्याचं सांगितलं की मी तारीख आणि शिवार लिहितो, वनरक्षकाला फोन लावतो आणि त्या बाजूच्या गिऱ्हाइकांना कळवतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गेट उघडलेलं असेल आणि कापसाची वेचणी सुरू झालेली असेल. सुटीत टिपेश्वरला याल तर जरूर या. सुन्नाकडे वळताना दोन्ही बाजूंच्या कपाशीत बायका वाकून बोंडं वेचताना दिसतील. तिथं गाडी जरा हळू घ्या. आणि आत गेल्यावर वाघ दिसो न दिसो, आपल्या गाइडला एक प्रश्न विचारा : ‘भाऊ, ऑगस्टमध्ये तुम्ही कुठं होता?’