कीटकांची शिकार : साधने, ठिकाणे आणि परवाने

शिकार म्हटले की बंदूक, गळ आणि मचाण डोळ्यांसमोर येतात. कीटक गोळा करणाऱ्याच्या हातात यांपैकी काहीच नसते. असते ते एक कापडी जाळे आणि खिशात चार कुप्या. तरीही कायद्याच्या भाषेत तो काही वेळा शिकारीच ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत अपृष्ठवंशीय जीव, त्यांची पिल्ले आणि अंडीही येतात. ‘शिकार’ या शब्दात ठार मारण्याबरोबरच पकडणे आणि सापळ्यात अडकवणे यांचाही समावेश आहे. म्हणून पिकावरील किडीचा नमुना घेणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने, प्रयोगशील शेतकऱ्याने आणि कृषी विद्यार्थ्याने तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात : कोणत्या साधनाने पकडायचे, कोठे पकडायचे आणि तेथे परवाना लागतो का.

नमुना पकडावाच का?

प्रत्येक वेळी कीटक मारण्याची गरज नसते. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरील उलटे इंग्रजी ‘वाय’ अक्षर आणि शरीराच्या शेवटाकडील चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके स्वच्छ छायाचित्रातही दिसतात. परंतु मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर ही अळी देशात प्रथम आढळली, तेव्हा केवळ छायाचित्रावर विसंबून चालले नसते. एखादी कीड देशात नव्याने आली आहे असे जाहीर करण्यासाठी प्रत्यक्ष नमुना, त्याच्या अवयवांची सूक्ष्म तपासणी आणि शक्य तेथे डीएनए चाचणी लागते. फुलकिड्यांच्या बाबतीत तर छायाचित्राचा उपयोग जवळजवळ नाहीच. २०२१ मध्ये तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातील मिरचीवर ‘थ्रिप्स पार्विस्पायनस’ या परकीय फुलकिड्याने मोठे नुकसान केले. नेहमीच्या फुलकिड्यापासून तो वेगळा ओळखायचा, तर काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो.

ओळख चुकली की फवारणीही चुकते. एका जातीसाठी उपयुक्त ठरणारे कीटकनाशक दुसरीवर निष्प्रभ ठरू शकते आणि मधल्या काळात मित्रकीटक मात्र मरतात. चांगला नमुना म्हणजे शेतकऱ्याचा वाचलेला खर्च, हे ध्यानात ठेवावे.

साधने : किडीच्या सवयीप्रमाणे निवड

*हातजाळे.* तारेच्या गोल कड्याला शिवलेली खोल कापडी पिशवी आणि लाकडी किंवा ॲल्युमिनियमची दांडी, एवढेच हे साधन. कड्याचा व्यास सुमारे ३० ते ३८ सेंटिमीटर पुरतो. फुलपाखरे आणि चतुर यांच्यासाठी पिशवी तलम जाळीची हवी. भात, सोयाबीन किंवा गवतावरून झाडून तुडतुडे व ढेकूण गोळा करायचे असतील तर जाड सुती कापड घ्यावे, कारण तलम जाळी पहिल्याच काट्याला फाटते. कीटक आत शिरताच मनगट वळवून पिशवीची घडी कड्यावर पाडावी.

*चूषक नळी.* लहान माश्या, फुलकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्या बोटांनी उचलल्यास चिरडतात. दोन नळ्या बसवलेल्या कुपीतून तोंडाने हवा ओढून त्या अलगद आत घेता येतात. तोंडाकडील नळीच्या आतील टोकाला बारीक कापड बांधलेच पाहिजे. फवारलेल्या पिकावर ही नळी वापरू नये. हवेबरोबर कीटकनाशकाचे अवशेषही ओढले जातात.

*प्रकाश सापळा.* पतंग, हुमणीचे भुंगेरे आणि भातावरील तपकिरी तुडतुडे रात्री दिव्याकडे येतात. नमुने हवे असतील तर दिव्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचे घमेले ठेवू नये. पतंगांच्या पंखांवरील खवले निघून जातात आणि ओळखीच्या खुणा नष्ट होतात. त्याऐवजी दिव्यामागे पांढरे कापड ताणून त्यावर बसलेले कीटक कुपीत घ्यावेत. सायंकाळपासून रात्री दहापर्यंत दिवा पुरेसा आहे. रात्रभर जळणारा दिवा मित्रकीटकांचाही बळी घेतो.

*कामगंध सापळा.* यात केवळ त्या जातीचे नर पतंग येतात, म्हणून तो सर्वेक्षणासाठी उत्तम. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजतात. वडी दुसऱ्या जातीची बसवण्यापूर्वी हातमोजे बदलावेत, अन्यथा गंध मिसळतात.

*पिवळी ताटली आणि खड्डा सापळा.* पिवळ्या रंगाच्या उथळ ताटलीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाकले की परोपजीवी गांधीलमाश्या, मावा आणि पांढरी माशी यांचे नमुने मिळतात. जमिनीवरून पळणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी प्लास्टिकचा पेला त्याची कड जमिनीच्या पातळीला येईल असा पुरावा. दोन्ही सापळे रोज पाहावेत. पेल्यात बेडूक किंवा सरड्याची पिल्ले पडू नयेत म्हणून तोंडावर रुंद छिद्रांची जाळी ठेवावी.

मारणे आणि जतन

पूर्वी मारक बाटलीत सायनाइड वापरत. आज शेतावर त्याची मुळीच गरज नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर बसवून त्यात इथाइल ॲसिटेट जिरवले की काम भागते. हे द्रव्य ज्वालाग्राही आहे, ते चुलीपासून व विडीकाडीपासून दूर ठेवावे. तेही न मिळाल्यास कीटक बंद डबीत घालून बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. डबी अन्नापासून वेगळी असावी.

भुंगेरे, ढेकूण आणि पतंग कोरडे ठेवावेत. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून, ढेकणाला पाठीवरील त्रिकोणातून आणि पतंगाला छातीच्या मध्यातून टोचतात. मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण आणि अळ्या ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते. आधी उकळलेल्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवावी, मग अल्कोहोलमध्ये घालावी. डीएनए चाचणीसाठी मात्र काही नमुने गरम पाण्यात न बुडवता थेट ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये स्वतंत्र ठेवावेत.

प्रत्येक नमुन्यासोबत नोंदपट्टी हवी : गाव, तालुका, जिल्हा, राज्य, शक्य असल्यास अक्षांश-रेखांश, दिनांक, कोणत्या पिकावर व झाडाच्या कोणत्या भागावर मिळाला, कोणत्या साधनाने पकडला आणि गोळा करणाऱ्याचे नाव. ‘मिरचीवरील कीड’ एवढेच लिहिलेली कुपी शास्त्रीयदृष्ट्या जवळजवळ निरुपयोगी असते. कुपीतील पट्टी पेन्सिलीने लिहावी. साध्या पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

ठिकाण आणि वेळ

उत्तम ठिकाण म्हणजे नुकसान झालेले शेत आणि त्याचा बांध. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा मान्सूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब आणि बाभळीवर उतरतात. फांद्या हलवून ते गोळा करता येतात. दिल्ली परिसरात मोहरीवरील मावा डिसेंबर ते फेब्रुवारीत, तर भातावरील तपकिरी तुडतुडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाहावेत. मोहरी फुलावर असताना मधमाश्या व इतर परागवाहकांची नोंद घेण्याची चांगली संधी असते. ही नोंद छायाचित्रांनी घ्यावी, जाळ्याने नव्हे.

राजधानी परिसरात रिज, यमुनेचा खादर आणि पाणथळ जागा कीटकांच्या दृष्टीने समृद्ध आहेत. याच ठिकाणी परवान्याचा प्रश्न उभा राहतो.

परवाना कोठे लागतो?

नियमाचे तीन भाग लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

पहिला भाग जातीचा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, संरक्षित प्राण्यांच्या दोनच अनुसूची आहेत. पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतील कीटक शेतात सापडला तरी परवान्याशिवाय पकडता येत नाही. अनुसूचीत नसलेली बोंडअळी, मावा किंवा तुडतुडे आपल्या शेतात गोळा करण्यास या कायद्याखाली परवाना लागत नाही. फुलपाखरांबाबत विशेष सावध राहावे. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी रुईवर वाढणाऱ्या सर्वपरिचित प्लेन टायगरसारखीच हुबेहूब दिसते. प्लेन टायगर सामान्य आहे. डॅनेड एगफ्लाय मात्र कायद्याच्या जुन्या पहिल्या अनुसूचीत होते. अशी जोडी जाळ्यात ओळखू येत नाही. म्हणून फुलपाखरांची नोंद शक्यतो छायाचित्रानेच करावी आणि पकडायचेच असेल तर आधी सध्याची अनुसूची तपासावी.

दुसरा भाग जागेचा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात जातीचा प्रश्नच उरत नाही. तेथील कोणताही जीव, मग तो अनुसूचीत असो वा नसो, परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. राखीव वनांतही भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि राज्याचे नियम सापळे लावण्यास आळा घालतात. दिल्लीच्या रिजचा मोठा भाग वनक्षेत्र म्हणून अधिसूचित असल्याने सकाळी फिरायला जाणाऱ्यानेही तेथे जाळे नेऊ नये.

तिसरा भाग अधिकार क्षेत्राचा. राजधानी परिसरात तासाभराच्या अंतरात तीन सरकारे बदलतात. असोला-भाटी अभयारण्य दिल्लीत, सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान हरियाणात आणि ओखला पक्षी अभयारण्य उत्तर प्रदेशाच्या वन विभागाकडे आहे. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही. महाराष्ट्रात हा अधिकार नागपूर येथील प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे असतो. तेच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक.

आपण वैज्ञानिक आहोत, हे परवान्याला पर्यायी उत्तर होत नाही. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक कीटकशास्त्रज्ञांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. परदेशी नागरिकांना भारतातील जैविक साधनांच्या संशोधनासाठी जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची स्वतंत्र मान्यताही घ्यावी लागते. आपल्याकडे आलेल्या परदेशी पाहुण्याला नमुने देताना हे विसरू नये. शिक्षाही सौम्य नाही : वन्यजीव कायद्याच्या सामान्य भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची किंवा अभयारण्यात केलेली शिकार असेल तर कैद किमान तीन आणि कमाल सात वर्षांची आहे.

अर्ज कसा करावा?

शिक्षण आणि वैज्ञानिक संशोधनासाठी अधिनियमाच्या कलम १२ खाली परवाना मिळू शकतो. अर्ज आपल्या संस्थेच्या पत्रासह मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावा. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. अर्जात उद्देश, कीटकगट, नमुन्यांची कमाल संख्या, ठिकाणे, कालावधी, साधने, सहभागी व्यक्तींची नावे आणि नमुने शेवटी कोठे जमा होतील हे स्पष्ट लिहावे. प्रकाश सापळा लावायचा असेल तर रात्री थांबण्याची परवानगी वेगळी मागावी. हंगामाच्या काही महिने आधी अर्ज केलेला बरा. पाऊस कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. परवाना मिळाल्यावर त्याची प्रत जवळ बाळगावी आणि स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी कळवावे.

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी कीटकपेटी तयार करावी लागते. शिक्षकांनी पेटीसाठी पिकांवरील किडी आणि घरातील धान्यकिडीच घेण्यास सांगावे. रंगीत फुलपाखरांनी भरलेली पेटी दिसायला आकर्षक असते, पण त्यातून शेतीचे ज्ञान थोडेच मिळते आणि जोखीम मात्र वाढते.

नमुना पाठवताना

अनोळखी कीड जिवंत अवस्थेत दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नये. तपासणीसाठी निघालेली कीडच प्रवासात पसरू शकते. ज्वालाग्राही अल्कोहोल टपालाने पाठवता येत नाही. म्हणून कुप्या शक्यतो कृषी विज्ञान केंद्रामार्फत हस्ते पाठवाव्यात. कोरडे नमुने कापसावर ठेवून, मऊ आवरण घातलेल्या पेटीत भरावेत. नवी कीड वाटल्यास प्रथम जवळचे कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली यांपैकी आपल्या विभागाचे कृषी विद्यापीठ यांना कळवावे.

पुढची पायरी म्हणजे बंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो किंवा दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेचा राष्ट्रीय पुसा संग्रह. बिहारमधील पुसा येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला हा संग्रह १९३४ च्या भूकंपानंतर संस्थेबरोबर १९३६ साली दिल्लीत आला. त्यात आज पाच लाखांहून अधिक नमुने आहेत. शंभर वर्षांपूर्वी टोचलेला भुंगेरा आजही उपयोगी पडतो, तो त्याच्याखालच्या छोट्या पट्टीमुळे.

यंदाच्या हंगामात जाळे बाहेर काढण्यापूर्वी म्हणूनच क्रम असा ठेवावा : छायाचित्राने भागते का ते पाहावे; न भागल्यास जागा आणि जात तपासावी; परवाना लागत असेल तर आधी घ्यावा; गरजेपुरतेच नमुने पकडावेत आणि शेतातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक कुपीत नोंदपट्टी घालावी.