डिम समचा शोध

नव्या शहरात बिऱ्हाड थाटणारा माणूस आधी दूधवाला शोधतो, मग वाणी, आणि सर्वांत शेवटी मनाजोगते उपाहारगृह. चिनी डिम समची गोडी लागलेल्या माणसाचा शोध मात्र बहुधा अवेळी सुरू होतो. कचेरी सुटल्यावर तो तांबडे कंदील टांगलेल्या एखाद्या उपाहारगृहात शिरतो, आणि त्याच्यापुढे येते ते मांचुरिअन, म्हणजे भारतातच जन्मलेला पदार्थ. बिचारा निराश होतो. पण चूक उपाहारगृहाची नसते, घड्याळाची असते.

डिम सम हे रात्रीचे जेवण नव्हे. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातील चहाघरांत सकाळपासून दुपारपर्यंत चहाबरोबर घ्यावयाचे हे खाणे. तेथील लोक त्याला जाण्याला ‘यम चा’, म्हणजे ‘चहा पिणे’, असेच म्हणतात. खाण्याचा उल्लेखही करीत नाहीत. वेताच्या वा बांबूच्या लहान करंड्यांतून दोन-दोन, तीन-तीन नग येतात, मंडळी वाटून खातात, आणि घरातील वडीलधारी माणसे वर्तमानपत्र उघडून तासन् तास बसतात. म्हणून शोधणाऱ्याने पाटीवरील नाव वाचण्याऐवजी रविवारी सकाळी कोठल्या दारातून चिनी आजोबा नातवंडांसह आत जातात, ते पाहावे.

आत गेल्यावर परीक्षा कोणती घ्यावी? जाणकार प्रथम ‘हा गाव’ मागवतात. ही कोळंबी भरलेली उकडलेली करंजी. तिची पारी अर्धपारदर्शक असते, कारण ती कणकेची नसून गव्हाच्या सत्त्वाची असते. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून जो चीक काढतात, त्याचेच हे भाऊबंद. त्यात उकळते पाणी ओतून, गरम असतानाच पीठ मळावे लागते. मोदकाची उकड मळणाऱ्या हातांना ही घाई निराळी सांगावयास नको. मोदकाप्रमाणेच येथेही कळ्यांवर पारख होते: सातांहून कमी असतील तर स्वयंपाकी नवशिका समजतात. काड्यांनी उचलताना पारी फाटू नये, कागदाला चिकटू नये, आणि आतील कोळंबी दाताखाली करकरावी. एवढे साधले असेल, तर उरलेल्या करंड्या निर्धास्तपणे मागवाव्यात.

परंतु ही कसोटी प्रत्येक शहरात लावणे अन्यायाचे होते. नोकरीनिमित्त पुण्याहून कोलकात्यास गेलेला माणूस पहाटे उठून लालबाजारच्या पोलीस कचेरीजवळील टिरेटा बाजारात पोचला, तर त्याला तेथे चहाघर दिसणार नाही. रस्त्याच्या कडेला मांडलेली बाके, वाफ सोडणारी ॲल्युमिनियमची पातेली, डुकराच्या मांसाचे ‘सिउ माइ’, फुगीर पांढरे ‘बाओ’ आणि माशाच्या गोळ्यांचे कढत सूप, एवढाच तो थाट. पारीची नजाकत येथे शोधू नये. येथील चिनी लोकांत हाक्का समाज मोठा. तो कातडे कमावणारा आणि जोडे शिवणारा. कँटनकडचे लोक सुतारकामात होते, हूपेहकडचे दातांच्या वैद्यकीत. कष्टकऱ्यांनी कामावर जाण्यापूर्वी उभ्या-उभ्या खाल्लेली ही न्याहारी आहे; चहाघरातील निवांत बैठक तिला कोठून असणार?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून बजबजजवळ साखरेचा कारखाना काढणाऱ्या अच्छूपासून या वस्तीचा इतिहास सांगतात; अछिपूर हे गाव त्याचेच नाव मिरवते. बाजाराला नाव मिळाले ते एडवर्ड टिरेटा या व्हेनिसच्या गृहस्थाचे. इटालियन माणसाच्या नावाचा बाजार, त्यात चिनी न्याहारी आणि गिऱ्हाईक बंगाली: हे कोलकात्यातच शोभावे!

ही वस्ती विरळ कशी झाली, हे त्या पातेल्यांकडे पाहून कळत नाही. 1962 च्या चीन-युद्धानंतर देशातील सुमारे 3,000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांतील अनेकांचा जन्म भारतातला होता. काहींना तेथे काही वर्षे काढावी लागली. सुटून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची घरे आणि धंदे राहिले नव्हते. पुढील दशकांत अनेक कुटुंबे कॅनडात, विशेषतः टोरांटोत, गेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तांगऱ्यातील चर्मालये शहराबाहेर हलवावी लागली, तेव्हा उरलेल्यांचा पिढीजात व्यवसायही हातचा गेला. कित्येक कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे उभी राहिली.

त्यामुळे आज टिरेटा बाजारात जाणाऱ्याला पातेल्यांमागे चिनी चेहरे थोडेच दिसतात. मोमोही आता तेथे मिळू लागले आहेत, आणि नवखा माणूस त्यांनाच डिम सम समजून परततो. मोमो चवदार असले, तरी ते हिमालयाकडचे. खऱ्या शोधकाने रविवारी सहाच्या सुमारास पोचावे, एखाद्या वृद्ध चिनी बाईच्या पातेल्यापाशी थांबावे आणि आज घरचे काय आहे, ते विचारावे. आठ वाजून गेले की पातेली रिकामी होतात, बाके उचलली जातात, आणि त्याच जागी भाजीवाले आपल्या टोपल्या मांडतात.