चांद्याच्या उन्हांत लोकरीचें विणकाम

चंद्रपूर म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम ऊन उभें राहतें. वैशाखांत पारा ४६-४७ अंशांवर चढविणारा, दगडी कोळशाच्या खाणींनीं वेढलेला हा मुलूख. येथें लोकरीच्या स्वेटरांची गोष्ट काढणें म्हणजे भर दुपारीं शेकोटीची थोरवी गाणें होय, असें पुण्या-मुंबईकडील भगिनींस वाटेल. परंतु ज्यांनीं मार्गशीर्ष-पौषांतील एखादी पहांट सिंदेवाहीकडे, किंवा त्याहीपलीकडे गडचिरोलीच्या रानांत काढली आहे, त्यांस तसें वाटणार नाहीं. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सुमारें ७० टक्के वनाखालीं आहे. हिंवाळ्यांत येथील हवा कोरडी व आकाश निरभ्र असतें. दिवसां तापलेली जमीन सूर्य मावळतांच आपली ऊब झपाट्यानें आकाशांत टाकून मोकळी होते. दुपारीं २८-२९ अंश आणि त्याच दिवसाच्या पहांटें १० अंश, कधीं त्याहूनही कमी, असा हा खेळ चालतो. थंडीचे दिवस थोडे, पण जे असतात ते खरे असतात.

आमच्या परिचयाच्या एका चंद्रपूरकर भगिनीचें विणकाम आम्ही कित्येक वर्षें जवळून पाहत आहों. त्यांनीं सुया हातीं घेतल्या त्या भाचीच्या बाळंतविड्यासाठीं. टोपरें, झबलें, पायमोजे आणि एक लहानसें दुपटें, एवढाच तो पहिला संसार. आपल्याकडे पुष्कळ जणींच्या विणकामाचा श्रीगणेशा असाच होतो, आणि बहुधा तेथेंच तें थांबतेंही. ह्या थांबल्या नाहींत. मफलर झाला, बिनबाह्यांची बंडी झाली, मग पुऱ्या बाह्यांचा स्वेटर, त्यावर वेणीची नक्षी, पुढें दोन रंगांची लोकर एकाच ओळींत खेळविणें. पांचव्या वर्षीं यजमानांसाठीं विणलेला स्वेटर हळदीकुंकवास आलेल्या बायका उलटा करून पाहत. आंतली बाजू बाहेरच्याइतकीच स्वच्छ होती. त्या हिंवाळ्यांत यजमानांनीं तो मोजून नऊ दिवस घातला. बाकीचे दिवस तो कपाटांत.

ह्या नऊ दिवसांनीं त्यांस विचारांत पाडलें, व आमच्या मतें त्यांच्या विणकामाची खरी प्रगति तेथून सुरू झाली. नमुन्यांचीं पुस्तकें कोणत्या हवेसाठीं लिहिलेलीं असतात? बहुतेक तीं विलायतेच्या, फार तर सिमल्याच्या थंडीसाठीं. (स्वेटरांच्या ह्या विद्येंत लढाईचा वांटाही मोठा आहे. पुढून उघडणारा तो कार्डिगन, गळ्यापासून तिरप्या शिवणीनें निघणारी ती रॅग्लन बाही आणि आपण जिला माकडटोपी म्हणतों ती बॅलॅक्लाव्हा, हीं तिन्ही नांवें १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धांतील सेनापतींचीं व रणांगणाचीं आहेत.) जेथें दिवसभर थंडी ओसरत नाहीं तेथें गळा बंद, अंगाबरोबर बसणारा जाड स्वेटर योग्य. आमच्याकडे सकाळीं सहा वाजतां अंगांत घातलेला कपडा दहा वाजतां नकोसा होतो. मूल तो डोक्यावरून ओढून काढतें, कमरेला बांधतें आणि शाळेंत विसरून येतें.

म्हणून त्यांनीं पुढून उघडणाऱ्या, मोठ्या गुंड्यांच्या बंड्या विणण्यास आरंभ केला. बाह्या एक तर नाहींत, किंवा मनगटाशीं घट्ट. नक्षी जवळजवळ नाहींच. वाढत्या मुलांसाठीं त्या गळ्यापासून खालीं विणतात. म्हणजे पुढील वर्षीं काठ उसवून चार बोटें लांबी वाढवितां येते आणि नवी बंडी करण्याचा खर्च वांचतो. त्यासाठीं त्याच रंगाच्या लोकरीचा एक गुंडा त्या आधींच बाजूस काढून ठेवतात. पांढऱ्या रंगास मात्र त्यांच्या घरीं बंदी आहे. कोळशाची धूळ असलेल्या गांवांत पांढरी लोकर कशी राहील, हें सांगावयास नको.

मापाच्या बाबतींत त्या फार कडक आहेत. कोणतेंही काम घेण्यापूर्वीं चार इंचांची चौकट विणून, धुऊन, वाळवून मगच मोजतात. पुष्कळ भगिनींस हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु हिशेब पाहा. बारीक, चारपदरी लोकर १० नंबरच्या सुयांवर (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हें नवशिक्यांनीं ध्यानांत ठेवावें) साधारणपणें १० सेंटिमीटरांत २८ टांके देते. ८० सेंटिमीटर घेराच्या कपड्यास मग २२४ टांके लागतील. पण विणणारीचा हात सैल असून तेवढ्याच जागेंत २६ टांके बसत असतील, तर तेच २२४ टांके ८६ सेंटिमीटर भरतात. सहा सेंटिमीटर म्हणजे एका वयाचा फरक!

आतां कोणी विचारील कीं, बाजारांत स्वस्त स्वेटरांचे ढीग पडलेले असतां हा उद्योग कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या पुऱ्या बाह्यांच्या स्वेटरांत सुमारें ४०,००० टांके असतात. मिनिटाला वीस ह्या गतीनें तेहतीस तास होतात. लुधियान्याचीं यंत्रें तें काम कितीतरी लवकर करतात, आणि तो माल हिंवाळ्यांत तिबेटी विक्रेते गांवोगांवीं आणतात. गडचिरोलीच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या, गोंदिया जिल्ह्यांतील गोठणगांवाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. हा हिंवाळी व्यापार तिबेटी कुटुंबांच्या उपजीविकेचा एक मोठा आधार होऊन बसला आहे. त्यांच्याशीं स्पर्धा करण्याचें आमच्या भगिनींच्या मनांतही नाहीं. केवळ पैशाचा विचार केला तर लोकर विकत घेऊन घरीं विणणें बहुधा महागच पडतें.

मग राहतें काय? राहते ती लोकर निवडण्याची मुभा. येथें एक गोष्ट कळकळीनें सांगावीशी वाटते. बाजारांत ‘लोकर’ म्हणून जें मिळतें त्यांतील पुष्कळसें अक्रिलिक असतें. हा कृत्रिम धागा १९५० नंतर जगाच्या बाजारांत पसरला. तो स्वस्त आहे, रंगानें देखणा आहे, धुण्यास सोपा आहे, त्याला कसर लागत नाहीं. शहरांतील घरीं त्याबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु वनांतील खेड्यांत थंडीची रात्र शेकोटीपाशीं जाते. मुलें निखाऱ्यांना खेटून बसतात, ठिणग्या उडतात. मेंढीची लोकर सहजासहजीं पेट घेत नाहीं, आणि जळली तरी ज्वाळा दूर होतांच बहुधा आपोआप विझते. अक्रिलिक पेटतें, वितळतें व तप्त गोळा होऊन कातडीला चिकटतें. परीक्षा अगदीं सोपी आहे: धाग्याचा एक तुकडा चिमट्यांत धरून ज्योतीवर न्यावा. केंस जळल्यासारखा वास आला व बोटांत चुरडणारी राख उरली तर ती लोकर. कडक काळा मणी उरला तर तें अक्रिलिक. आमच्या भगिनी दुकानांतून एकच गुंडा आणतात, घरीं ही परीक्षा घेतात आणि मगच बाकीची खरेदी करतात. शेकोटीच्या गांवीं जाणाऱ्या कपड्यास त्या गोंडे, झालरी, लोंबते मफलर कांहीं लावीत नाहींत, त्याचेंही कारण हेंच.

असे कपडे त्या दरवर्षीं कांहीं देतात. ह्या देण्याबद्दल थोडें बोललें पाहिजे, कारण शहरांतून वनाकडे जाणाऱ्या कपड्यांच्या गांठोड्यांत पुष्कळदां सद्भावनेपेक्षां अडगळच अधिक असते. भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथें काम करण्यास गेलेल्या डॉ. प्रकाश आमटे यांनीं माडिया लोकांच्या अंगावर थंडींतही पुरेसें वस्त्र नाहीं हें पाहिलें आणि स्वतःच अंगभर कपडे घालणें सोडलें. बनियन व अर्धी चड्डी हाच त्यांचा वेष झाला. त्यांनीं उचललेलें पाऊल प्रत्येकास उचलतां येणार नाहीं. पण देणाऱ्यानें आधीं आपल्याकडे पाहावें, हें त्यांत आहे. कोणास काय हवें आहे, कोणत्या मापाचें, धुण्याची सोय काय, हें तेथें राहणाऱ्या शिक्षिकेस किंवा परिचारिकेस विचारावें आणि मग सुया हातीं घ्याव्या. आमच्या भगिनींनीं असें विचारलें तेव्हां उत्तर आलें तें स्वेटरांचें नव्हतें. टोपऱ्यांचें होतें.

ह्यामागें गडचिरोलीतच झालेलें एक मोठें कार्य आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेनें ह्या जिल्ह्यांतील ३९ गांवांत घरींच नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला व १९९९ सालीं त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांशीं ताडून पाहतां, ६२ टक्क्यांनीं कमी झाले होते. गांवांतीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांस शिकवून हें काम झालें. जंतुदोष वेळींच ओळखून औषध देणें, श्वास कोंडलेल्या बाळास मदत करणें, स्तनपान, आणि बाळास ऊब देणें, असे त्याचे अनेक भाग होते. कमी वजनाच्या बाळांसाठीं उबदार पिशवीही त्यांत होती. लोकरीच्या टोपीनें बालमृत्यु थांबले असें कोणी समजूं नये. परंतु नुकतें जन्मलेलें बाळ ओलें असतें, त्याच्या अंगावर चरबी थोडी असते, आणि शरीराच्या मानानें त्याचें डोकें फार मोठें असतें. त्या डोक्यावाटे ऊब निघून जाते. बाळ प्रथम कोरडें करावें, आईच्या उघड्या छातीशीं घ्यावें, वरून पांघरावें आणि डोक्यास टोपरें घालावें, हें आतां वैद्यकशास्त्रच सांगतें. आपल्या आज्या-पणज्यांच्या बाळंतविड्यांत टोपरें व कुंची होतीच.

सबब पांच वर्षें चढत जाऊन वेणीच्या नक्षीपर्यंत पोंचलेला हात पुन्हां टोपऱ्यांकडे वळला. विणण्याची रीत येथें देतों. चारपदरी मऊ, खऱ्या लोकरीचे ८० टांके १० नंबरच्या सुईवर घालावे. आरंभीं दोन बोटें एक सुलट, एक उलट असा काठ विणावा. पुढें पाऊण वीत उंची होईतों साधी वीण. मग दर आठवा टांका जोडून एक ओळ, मध्यें एक उलट ओळ, नंतर दर सातवा, असें घटवीत जावें. दहा टांके उरले कीं धागा त्यांतून ओवून आवळावा व मागील बाजू शिवून टाकावी. कमी वजनाच्या बाळासाठीं ७२ टांके पुरतात. एका टोपऱ्यास २० ग्रॅमच्या आंत-बाहेर लोकर व तीन-चार तास लागतात. गळ्याशीं बांधण्याची नाडी लावूं नये, वर गोंडा लावूं नये, आंत गांठ राहूं देऊं नये. येथील कुरमार मेंढपाळांच्या लोकरीची घोंगडी उत्तम होते. पण ती लोकर राठ असल्यामुळें बाळाच्या कातडीस मानवत नाहीं. ज्या घरीं बाळंतिणीच्या बाजेखालीं अद्याप शेगडी ठेवतात, तेथें अक्रिलिक तर मुळींच नको.

हीं टोपरीं त्या आषाढापासून विणावयास घेतात. ज्येष्ठापर्यंत हातांना घाम सुटून लोकर सुईवर चिकटते. आणि थंडी पडल्यावर आरंभ केला तर शेवटचा टांका होईतों संक्रांत उलटून जाते. झालेला माल वेखंडाच्या तुकड्यांसह स्वच्छ धुऊन वाळविलेल्या सुती पिशव्यांत राहतो. कसर मळलेल्या लोकरीकडे आधीं धांवते, म्हणून धुतल्यावांचून कांहींही आंत जात नाहीं. गतवर्षीं मार्गशीर्ष लागण्यापूर्वीं चाळीस टोपरीं व अकरा बंड्या गेल्या.

उन्हाळ्याच्या चार महिन्यांत काय करावें, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं. सध्यां त्या कोशाचा धागा विणून पाहत आहेत. ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचें हें टसर रेशीम आरमोरीकडे होतें. त्याचीं वस्त्रें प्रसिद्धच आहेत, पण सुयांवर तें क्वचित् चढतें. हाताला थंड लागतें, रंग मधासारखा, आणि घामानें चिकटत नाहीं. अडचण एवढीच कीं, रेशमाला लोकरीसारखी लवचीकता नसते. काठ सैल पडतो व कपडा आपल्याच भारानें लोंबतो. पहिली बिनबाह्यांची बंडी धुतल्यावर चार बोटें लांब झाली. दुसरी त्यांनीं १२ नंबरच्या सुयांवर, आंखूड मापाची घेतली आहे, आणि ती सध्यां मुंढ्यापर्यंत आली आहे.