झाशीच्या सदर बाजारातील ओसरी : काचेआड पारंपरिक बैठक कशी सजवावी?

हिवाळ्यात ऊब मिळावी आणि धुळीला अटकाव व्हावा, या हेतूने घराची उघडी ओसरी काचेने बंद करण्याची पद्धत उत्तर भारतातील शहरांत रूढ झाली आहे. झाशीत जानेवारीच्या थंडीत अशी खोली सुखद ठरते. परंतु मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की तीच खोली भट्टीसारखी तापते. छावणीलगतच्या सदर बाजार परिसरात जुने घर असलेल्या कुटुंबांपुढे म्हणूनच प्रश्न केवळ सजावटीचा नसून घराचा एक भाग वर्षभर वापरात ठेवण्याचा आहे.

मराठी वाड्याचा धागा

'सदर' हा मूळ अरबी शब्द असून त्यात अग्रभाग आणि प्रमुख असे दोन्ही अर्थ आहेत. सदर बाजार म्हणजे छावणीचा मुख्य बाजार. तर मराठी वाड्यातील सदर म्हणजे पाहुण्यांच्या भेटीची व कारभाराची दर्शनी जागा. झाशीत या दोन्ही परंपरा शेजारी नांदल्या. १७४२ मध्ये नारो शंकर यांची येथे सुभेदार म्हणून नेमणूक झाली आणि पुढे नेवाळकर घराण्याने झाशीचा कारभार पाहिला. याच घराण्यातील दुसरे रघुनाथराव यांनी उभारलेला राणी महाल आजही शहरात आहे. मधला चौक, त्याभोवतीच्या कमानी आणि भिंतींवर मोर, फुले व वेलबुट्टी रंगवलेले दरबार दालन ही त्याची वैशिष्ट्ये. ऊन चौकात उतरते आणि माणसे कमानींच्या सावलीत बसतात, हे त्या रचनेचे सूत्र होय.

आधी उन्हाचा हिशेब

काचेतून सूर्यकिरण आत येतात. तापलेल्या वस्तूंतून बाहेर पडणारी उष्णता मात्र काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे सजावटीपूर्वी दिशा तपासणे अगत्याचे ठरते.

झाशी सुमारे साडेपंचवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर, तर २१ जूनच्या सुमारास ८८ अंशांवर असतो. दक्षिणाभिमुख ओसरीच्या दोन मीटर उंचीच्या काचेवर, तिच्या वरच्या कडेलगत, ७५ सेंटिमीटर रुंदीचे छज्जे असल्यास डिसेंबरच्या दुपारी काचेचा वरचा सुमारे एक तृतीयांश भागच सावलीत राहतो आणि उरलेल्या भागातून ऊन आत येते. मे-जूनच्या दुपारी मात्र संपूर्ण काच सावलीत जाते.

पूर्व आणि पश्चिम दिशांना हा उपाय पुरत नाही, कारण तेथे सूर्य खालून तिरपा येतो. त्या बाजूंना बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा काचेच्या बाहेरून लावणे योग्य. आतील पडदा उजेड अडवतो, पण तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते. वाळ्यावर पाणी शिंपडल्यास लू थंड होऊन आत येते. त्यासाठी त्या बाजूची तावदाने उघडता येणे आवश्यक आहे. सरकत्या तावदानांनी निम्मीच जागा मोकळी होते; बिजागरीची तावदाने पूर्ण उघडतात. तापलेली हवा वर जात असल्याने छताजवळ झडपा ठेवणेही उपयुक्त ठरते.

भिंत, जमीन आणि बैठक

जुन्या घरांच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास भिंतीतील ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा व त्यावर पांढरी सफेदी ही परंपरेला धरून असलेली आणि टिकाऊ निवड आहे. राणी महालातील वेलबुट्टीचा मोह झाल्यास ती कोनाड्याभोवती किंवा दरवाजाच्या महिरपीपुरती रंगवावी. प्रखर उजेडात भरगच्च रंगकाम डोळ्यांना त्रासदायक होते.

जमिनीला दगडी फरशी उत्तम. हिवाळ्यात ती दिवसभर ऊब साठवते आणि सायंकाळी परत देते. म्हणून काचेलगतचा पट्टा उघडा ठेवून जाजम, गादी, तक्के आणि लोड आतील भिंतीशी मांडावेत. कडीपाटाच्या तुळया भक्कम असतील तरच झोपाळा टांगावा. वाळवीने पोखरलेल्या तुळईवर भार देणे धोक्याचे आहे. उन्हात लाकूड तडकते, त्यामुळे त्याला वेळोवेळी जवसाचे तेल देणे हिताचे.

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचा आश्रय लाभलेल्या आणि २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चंदेरी वस्त्राची निवड या भागात स्वाभाविक वाटते. परंतु त्यातील रेशीम थेट उन्हात विरते आणि रंग उडतो. काचेशी जाडसर सुती कापड आणि आतील दरवाजाला चंदेरी, अशी विभागणी करता येते. पितळी समई, तांब्याचा घंगाळ आणि तुळस एवढ्याने बैठक पूर्ण होते.

परवानगी आवश्यक

छावणी हद्दीतील घराच्या बांधकामात बदल करण्यापूर्वी तेथील प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागते. ओसरी कायमची बंद करणे हा असा बदल ठरू शकतो, ही बाब काचेची मागणी नोंदविण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी.

जुन्या ओसरीने ऊन आणि सावली यांचा मेळ काचेविना साधला होता. काच बसवायचीच असेल, तर तो मेळ राखणे हीच तिची खरी पारंपरिक सजावट होय.