निर्यातीचे कागद : 1856 ते 2025

1856 चा बिल ऑफ लेडिंगचा कायदा 2025 मध्ये इतिहासजमा झाला. कंपनी सरकारच्या अमदानीतला हा कायदा अवघ्या तीन कलमांचा होता. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची पावती, ज्याच्या नावे होईल, त्याच्याकडे त्या मालाचे हक्क आणि जबाबदाऱ्या जातात, हा त्याचा गाभा. एवढ्यावर तो 169 वर्षे चालला. निर्यातीचे बाकी कागद मात्र वाढतच गेले.

आयात-निर्यात नियंत्रणाचा 1947 चा, सीमाशुल्काचा 1962 चा आणि परकीय चलनाचा 1973 चा, असे कायदे एकावर एक चढले. माल जाईल आणि डॉलर परत येणार नाही, ही सरकारची कायमची धास्ती. 1992 मध्ये विदेश व्यापाराचा नवा कायदा आला, भाषा उदारीकरणाची झाली. फाईल होती तेवढीच जाड राहिली.

नव्वदच्या दशकात हा पसारा मुंबईच्या कस्टम हाऊसमध्ये आणि 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरात उघड दिसे. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे कस्टमपुढचे घोषणापत्र, टाइप करून प्रतींसह दाखल होई : शुल्कमुक्त मालाचे पांढरे, शुल्क लागणाऱ्या मालाचे पिवळे, ड्रॉबॅकचे (शुल्कपरताव्याचे) हिरवे. सोबत परकीय चलन परत आणण्याची हमी देणाऱ्या जीआर फॉर्मच्या दोन प्रती. एक कस्टममार्फत रिझर्व्ह बँकेकडे जाई. दुसरी माल चढल्यापासून 21 दिवसांत निर्यातदाराने आपल्या बँकेत द्यायची. माल चढला की जहाजाचा अधिकारी मेट रिसीट देई. तिच्यावर ‘खोकी फुटलेली’ असा शेरा पडला, तर तोच बिल ऑफ लेडिंगवर उतरे आणि लेटर ऑफ क्रेडिटखालचे, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीचे, पैसे अडकत. खरेदीदाराच्या नावातले एखादे अक्षर चुकले तरी बँकेला हरकत घ्यायला जागा मिळे. खेटे, दिरंगाई आणि टेबलाखालचा व्यवहार या व्यवस्थेत मुरलेले होते. त्याचा बोजा लहान निर्यातदारावर पडे, कारण एजंटाचे बिल त्याला मालाच्या मानाने जड जाई. तरी दुरुस्ती माणसाकडे मागता येई. सही करणारा समोर असे.

1995 मध्ये दिल्लीत संगणकीय शिपिंग बिलाचा प्रयोग झाला आणि पुढे तो देशभर पसरला. 12 मार्च 2015 च्या अधिसूचनेने सक्तीचे कागद तीनवर आणले : बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल, पॅकिंग लिस्टसह इन्व्हॉइस आणि शिपिंग बिल. कागदांची गणती सुधारली. पण 2017 मध्ये जीएसटी आला आणि शिपिंग बिल हाच करपरताव्याचा अर्ज ठरला. त्यातला इन्व्हॉइस क्रमांक विवरणपत्रातल्या क्रमांकाशी जुळला नाही, की संगणक ‘एसबी005’ ही त्रुटी दाखवून परतावा थांबवी. तुंबलेली प्रकरणे निकाली काढायला मार्च 2018 मध्ये खास पंधरवडा पाळावा लागला. तोवर खेळते भांडवल सरकारकडे अडकले आणि व्याज निर्यातदाराने भरले.

आता परदेशी खरेदीदाराच्या मागण्यांची भर पडली आहे. युरोपला लोखंडी बोल्ट पाठवायचे, तर उत्पादनात किती कार्बन उत्सर्जन झाले याचा हिशेब कारखान्याकडे मागितला जातो. ही माहिती त्या तीन कागदांत बसत नाही.

शिक्के गेले, पण कागद जुळवण्याचे ओझे सरकारकडून निर्यातदाराकडे आले. म्हणून सुधारणा मोजायची ती कागदांच्या संख्येवर नव्हे, तर माल निघाल्यापासून परतावा खात्यात यायला किती दिवस लागतात यावर.